स्वीट ब्रायर, २०१५ : निधी ८.४ कोटींचा, आणि तरी कॉलेज बंद करायची वेळ

३ मार्च २०१५ रोजी व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या महिला महाविद्यालयाच्या संचालक मंडळाने कॉलेज बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेवटची तारीख ठरली २५ ऑगस्ट. त्या दिवशी कॉलेजच्या कायम निधीत सुमारे ८.४ कोटी डॉलर होते. ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी तीन हजार एकरांहून जास्त जमीन नावावर होती. राल्फ अ‍ॅडम्स क्रॅम या नामवंत वास्तुकाराने आखलेल्या विटांच्या इमारती होत्या, घोडेस्वारीचे तबेले होते, १९४८ पासून चालवलेला फ्रान्समधला वर्षभराचा अभ्यासक्रम होता.

एवढी मालमत्ता असलेली संस्था आपण होऊन दार लावून घेते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. माजी विद्यार्थिनींनाही पटलं नाही. पुढच्या साडेतीन महिन्यांत जे घडलं त्यातून देणगी, अनुदान आणि कायम निधी यांचं काम आतून कसं चालतं ते स्पष्ट दिसतं. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे, आपल्याकडे विश्वस्त संस्था चालवणाऱ्यांनी तर जरूर. देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थेबद्दल लोक विचारतात की पैसा किती आहे. आमच्या मते त्याआधी विचारायला हवं की त्यातला मोकळा किती आणि हातात कधी येणार.

निधीतून वर्षाला खरोखर किती मिळतं

स्वीट ब्रायर हे लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे पदवीपर्यंत शिकवणारं छोटं निवासी कॉलेज. साहित्य, इतिहास, गणित, जीवशास्त्र, कला हे सगळं लहान वर्गांत आणि पूर्णवेळ प्राध्यापकांकडून शिकवायचं, ही त्याची ओळख. खाजगी कॉलेज असल्याने राज्य सरकार त्याचे पगार देत नाही. उत्पन्नाच्या मुख्य वाटा तीन : फी, कायम निधीतून दरवर्षी काढलेली रक्कम आणि चालू वर्षाच्या देणग्या. शास्त्र शाखांना मिळणारी संशोधन अनुदानं असतात, पण छोट्या कॉलेजात त्यांचा वाटा मर्यादितच राहतो.

कायम निधीचं मुद्दल खर्च करायचं नसतं. रूढ पद्धत अशी : गेल्या १२ तिमाहींच्या बाजारमूल्याची सरासरी काढायची आणि तिच्या ४.५ ते ५ टक्के रक्कम वर्षाला उचलायची. सरासरी यासाठी की एका वर्षी बाजार पडला म्हणून पगार कापावे लागू नयेत. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २००६ च्या नमुना कायद्यात एक ऐच्छिक कलमही आहे : वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त उचल केली तर ती अविवेकी मानावी.

आता हिशेब करू. ८.४ कोटींचे ५ टक्के म्हणजे ४२ लाख डॉलर. विद्यार्थिनी सुमारे ७००. म्हणजे डोईवर ६,००० डॉलर. कोटींचा आकडा ऐकून डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, ते इतक्यावर येतं. आणि हे ६,००० सुद्धा सगळे मोकळे नव्हते, कारण निधीचा मोठा भाग देणगीदारांच्या अटींनी बांधलेला होता.

बांधलेला म्हणजे काय, ते जवळून पाहू. कायम निधी हा एकच ढीग नसतो. गुंतवणूक एकत्र असते, पण आत शेकडो खाती असतात. म्युच्युअल फंडासारखे प्रत्येक खात्याच्या नावावर युनिट असतात आणि प्रत्येक खात्याची वेगळी फाइल असते. समजा, १९६२ साली एका गृहस्थांनी पत्नीच्या स्मरणार्थ ५०,००० डॉलर दिले : लॅटिनमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस. आज त्या खात्यात वाढत वाढत चार लाख झाले. वर्षाला १८-२० हजार सुटतात. लॅटिन घेणाऱ्या मुली दोन. वसतिगृहाचा बॉयलर गेला तरी या खात्यातला एक डॉलर तिकडे वळवता येत नाही. न वापरलेलं व्याज पुन्हा त्याच खात्यात साचतं आणि ताळेबंदात संस्था श्रीमंत दिसत राहते.

२०१५ मध्ये अमेरिकी हिशेबपद्धतीत अशा निव्वळ मालमत्तेचे तीन कप्पे होते : मोकळी, तात्पुरती बांधलेली, कायमची बांधलेली. पुढे नियम बदलून दोनच उरले, अटींसह आणि अटींविना. कुठल्याही कॉलेजची खरी प्रकृती पाहायची असेल तर एकूण बेरजेआधी अटींविना असलेला कप्पा पाहावा. त्यातूनही इमारतींत अडकलेला पैसा वजा करावा, कारण इमारत मोकळी मालमत्ता म्हणून मोजली तरी तिच्यातून कुणाचा पगार निघत नाही. शिवाय स्वीट ब्रायरवर सुमारे २.५ कोटी डॉलरचं कर्ज होतं. कॉलेजं रोखे काढून असं कर्ज उभारतात, आणि त्या रोख्यांच्या करारांत बहुधा ठरावीक मोकळी रोकड राखण्याची अट असते. म्हणजे आधीच थोडा असलेला मोकळा पैसाही सहज उचलता येत नाही.

फी सवलत : निधीमागचं भोक

या प्रकरणातली खरी गळती इथे होती. खाजगी कॉलेजांची छापील फी आणि प्रत्यक्ष वसूल होणारी फी यांत मोठं अंतर असतं. मधली रक्कम ‘शिष्यवृत्ती’ म्हणून दाखवली जाते, पण ती दोन प्रकारची असते. एक, जिच्यामागे देणगीदाराचा निधी आहे. खात्यातून पैसे निघतात आणि फीच्या खात्यात जमा होतात. दुसरी, जिच्यामागे काहीच नाही. कॉलेज फक्त तेवढी फी घेत नाही. स्वीट ब्रायरमध्ये सवलतीचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं होतं. अर्थात १०० डॉलरच्या फीमागे ४० सुद्धा हातात पडत नव्हते.

मुली कमी येतात म्हणून सवलत वाढवायची, सवलत वाढली की प्रत्येक मुलीमागचं उत्पन्न घटतं, म्हणून निधीतून नेहमीपेक्षा जास्त उचल करायची, त्याने पुढच्या वर्षाचं ४-५ टक्क्यांचं गणित आणखी लहान होतं. खेड्यातल्या महिला महाविद्यालयाकडे मुलींचा ओढा कमी होत चालला होता, तेव्हा हे चक्र आपोआप थांबणारं नव्हतं. मंडळाचं निदान चुकीचं होतं असं आम्हाला वाटत नाही. चूक उपायात होती : पैसे देऊ शकणाऱ्या हजारो माजी विद्यार्थिनींना आधी खरं सांगून मोकळी मदत मागण्याऐवजी त्यांना थेट बंदची बातमी दिली गेली.

ज्या देणग्या ओझं होतात

इमारतीसाठी देणगी मिळवणं तुलनेने सोपं असतं, कारण दारावर नाव लागतं. पण इमारतीच्या आजच्या पुनर्बांधणी खर्चाच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागते, हा अमेरिकेत जुना आणि मान्य ठोकताळा आहे. १ कोटी डॉलरचं विज्ञानभवन मिळालं तर वर्षाला २ ते ४ लाखांचा खर्च कायमचा मागे लागला. एवढी रक्कम ५ टक्क्यांनी मिळवायची तर ४० ते ८० लाखांचा वेगळा निधी हवा. जाणती कॉलेजं देणगीपत्रातच बांधकामाच्या रकमेवर देखभाल निधीचा भाग मागून घेतात. जी मागत नाहीत, त्यांच्या छपरांची दुरुस्ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते.

प्रतिष्ठानांच्या अनुदानांचं दुखणं वेगळं. अमेरिकेत खाजगी प्रतिष्ठानांना आपल्या मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटावीच लागते, त्यामुळे पैसा बाहेर येत राहतो. पण तो बहुधा नव्या उपक्रमासाठी आणि तीन वर्षांपुरता येतो. नवा विषय सुरू होतो, एक प्राध्यापक आणि एक समन्वयक नेमला जातो. चौथ्या वर्षी त्यांचे पगार कॉलेजच्या गळ्यात. त्यातच कार्यालय, वीज, हिशेबनीस असा वरकड खर्च देताना प्रतिष्ठानं १०-१५ टक्क्यांवर थांबतात आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त असतो. अर्ज लिहिण्याआधी चौथ्या वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून जाणार हे लिहून ठेवायचं, आणि ते लिहिता येत नसेल तर अर्ज करायचाच नाही. हा नियम कडक वाटतो, पण तो पाळणाऱ्या संस्था टिकतात.

ज्या मृत्युपत्रावर कॉलेज उभं आहे

स्वीट ब्रायरचा पायाच एक सशर्त देणगी आहे. इंडियाना फ्लेचर विल्यम्स यांची एकुलती मुलगी डेझी १८८४ साली सोळाव्या वर्षी गेली. इंडियाना स्वतः १९०० साली वारल्या आणि मृत्युपत्राने आपली शेतवाडी, जी त्यांच्या वडिलांच्या काळात गुलामांच्या श्रमावर उभी राहिली होती, मुलीच्या कायमच्या स्मरणार्थ शाळा काढण्यासाठी ठेवून गेल्या. १९०१ मध्ये संस्थेला सनद मिळाली आणि १९०६ मध्ये वर्ग सुरू झाले.

मृत्युपत्रात शब्द होते की हे शिक्षण ‘गोऱ्या मुली आणि तरुण स्त्रिया’ यांच्यासाठी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही अट पाळली तर केंद्र सरकारची मदत बंद, आणि मोडली तर मृत्युपत्राचा भंग. कॉलेज स्वतःहून कोर्टात गेलं. पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १९६६ साली आली आणि १९६७ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने ती वांशिक अट अमलात आणायला मनाई केली. देणगीदाराचा एक शब्द बाजूला सारायला कोर्टकचेरीची काही वर्षं गेली. बाकीचं मृत्युपत्र मात्र जसंच्या तसं उभं राहिलं, आणि २०१५ मध्ये कॉलेज वाचवायला तेच कामी आलं.

साडेतीन महिने

घोषणेनंतर थोड्याच दिवसांत माजी विद्यार्थिनींनी ‘सेव्हिंग स्वीट ब्रायर’ नावाची ना-नफा संस्था नोंदवली. वेगळी संस्था काढण्यामागे हिशेबी शहाणपण होतं. बंद होणाऱ्या कॉलेजच्या खात्यात पैसे टाकले असते तर ते बंद करण्याच्या खर्चात गेले असते. वेगळ्या खात्यात त्या स्वतःची अट घालू शकत होत्या : कॉलेज चालू राहणार असेल तरच.

३० मार्चला कॉलेज ज्या अ‍ॅमहर्स्ट काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिथल्या सरकारी वकील एलन बोयर यांनी दावा लावला. आधार दोन. पहिला, मृत्युपत्राने एक विश्वस्त व्यवस्था निर्माण केली आहे आणि संचालक हे त्या व्यवस्थेचे विश्वस्त आहेत, त्यामुळे हेतू संपवण्याचा अधिकार त्यांना नाही. दुसरा आधार, आमच्या मते, प्रत्येक देणगी विभागाने भिंतीवर लावावा असा : कॉलेज चालवण्यासाठी म्हणून गोळा केलेल्या देणग्या कॉलेज बंद करण्यासाठी वापरता येत नाहीत. व्हर्जिनियाच्या धर्मादाय देणगी कायद्यात अशा गैरवापराविरुद्ध काउंटी वकिलाला दाद मागता येते. एप्रिलमध्ये काउंटीच्या न्यायालयाने हा दुसरा मुद्दा उचलून धरला आणि ६० दिवसांपुरती मनाई दिली. विश्वस्त कायदा कंपनीरूपाने नोंदलेल्या कॉलेजला लागू होत नाही, असं मात्र त्या न्यायालयाचं मत पडलं. ९ जूनला व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मत चूक ठरवलं आणि प्रकरण परत पाठवलं. कॉलेज वाचलं, असा तो निकाल नव्हता. पण मंडळाचा सगळ्यात भक्कम बचाव त्याने गेला आणि दोन्ही बाजू टेबलावर आल्या.

२० जूनला राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली, २२ जूनला न्यायालयाने ती मंजूर केली. तडजोडीचे आकडे नीट वाचावेत, कारण अख्खं प्रकरण त्यांत आहे.

माजी विद्यार्थिनींनी २०१५-१६ चं वर्ष चालवण्यासाठी १.२ कोटी डॉलर रोख द्यायचे. पहिले २५ लाख २ जुलैपर्यंत, उरलेले हप्त्यांनी २ सप्टेंबरपर्यंत. त्या बदल्यात अ‍ॅटर्नी जनरल कायम निधीतल्या १.६ कोटी डॉलरवरच्या अटी सैल करायला संमती देणार. अध्यक्ष पायउतार होणार आणि संचालक मंडळात नव्या सदस्यांचं बहुमत येणार. फिलिप स्टोन हे वकील आणि एका दुसऱ्या कॉलेजचे माजी अध्यक्ष नवे अध्यक्ष झाले.

८.४ कोटींचा निधी असताना कॉलेजचा जीव १.२ कोटींत वाचला, कारण हे १.२ कोटी मोकळे होते आणि त्यांना तारीख होती. तारखेचं महत्त्व कमी लेखू नये. माजी विद्यार्थिनींनी एकूण २.१ कोटींहून जास्त रकमेची वचनं गोळा केली होती. पण वचन म्हणजे रोकड नाही. अमेरिकी हिशेबात बिनशर्त वचनपत्र सही झालं की त्याचं आजचं मूल्य त्याच वर्षी उत्पन्न म्हणून दाखवतात, पैसे जरी पाच वर्षांच्या हप्त्यांनी येणार असले तरी. सशर्त वचन अट पूर्ण होईपर्यंत दाखवतच नाहीत. इथली वचनं कॉलेज चालू राहण्याच्या अटीवर होती. म्हणून तडजोड होताच हजारो घरांतून दिलेला शब्द काही आठवड्यांत चेकमध्ये बदलावा लागला. त्यासाठी वर्गनिहाय यादी घेऊन फोन करणाऱ्या माजी विद्यार्थिनी होत्या. २ सप्टेंबरपर्यंत पूर्ण १.२ कोटी पोचले.

१.६ कोटींच्या बाबतीत काय सोडवलं गेलं तेही समजून घ्यावं. अट सैल करण्याच्या रूढ वाटा चार आहेत आणि क्रमाने महाग होत जातात. आधी मूळ देणगीपत्र उघडून शब्द वाचायचे. पुष्कळदा ‘शक्यतो’ असा शब्द असतो आणि कॉलेजने उगाचच ती अट मानून ठेवलेली असते. मग देणगीदार हयात असेल तर त्याची लेखी संमती. खातं लहान आणि जुनं असेल, नमुना कायद्याप्रमाणे २५,००० डॉलरच्या आत आणि २० वर्षांहून जुनं, तर अ‍ॅटर्नी जनरलला सूचना देऊन ६० दिवसांनी कॉलेजला स्वतः बदल करता येतो. आणि शेवटी न्यायालय : मूळ हेतू अशक्य किंवा अव्यवहार्य झाल्याचं सिद्ध करून, त्याला सर्वांत जवळचा हेतू मंजूर करून घेणं. शेकडो खात्यांसाठी हे एकेक करायचं तर वर्षं जातात. तडजोडीत राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने एकदम संमती दिली, यातच तडजोडीतल्या त्या कलमाचं मोल आहे.

नंतर

ऑगस्ट २०१५ मध्ये वर्ग भरले. अनेक प्राध्यापक दुसरीकडे गेले होते, पुष्कळ मुलींनी बदली घेतली होती. कॅम्पसवर राहिल्या अडीचशेच्या आसपास. एका वर्षाच्या देणग्यांनी भोक बुजत नाही, हे नव्या मंडळाला ठाऊक होतं. २०१७ मध्ये अध्यक्ष झालेल्या मेरेडिथ वू यांनी सवलतीच्या चक्रालाच हात घातला. शिकवणी, राहणं आणि जेवण मिळून ५० हजारांच्या वर गेलेला वर्षाचा आकडा ३४ हजारांवर आणला. नुसती शिकवणी २१ हजार. छापील फी खऱ्या वसुलीच्या जवळ आली. फी उतरवल्यावर प्रत्येक मुलीमागचं उत्पन्न फारसं घटत नाही, कारण ते आधी मिळतच नव्हतं. पण छापील आकडा पाहूनच मागे फिरणारं घर अर्ज तरी भरतं. यात धोका असतो तो एकच : काही वर्षांनी पुन्हा सवलतींची चढाओढ सुरू करण्याचा मोह.

देणगीपत्रातलं एक वाक्य

आपल्याकडची चौकट वेगळी असली तरी मूळ एकाच इंग्रजी विश्वस्त कायद्याचं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ मध्ये ‘जवळच्या हेतू’चं हेच तत्त्व आहे, कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कॉर्पस म्हणजे कायम निधीसाठीच्या देणगीसाठी आयकर कायद्याला देणगीदाराची स्पष्ट सूचना हवी असते, आणि अनेक संस्था पावतीवर सरसकट ‘कॉर्पस’ असा शिक्का मारून मोकळ्या होतात. त्या एका शिक्क्याने चालू खर्चाला मिळू शकणारा पैसा कायमचा बांधला जातो. देणगीदाराला विचारावं, बरेच जण दोन भाग करायला आनंदाने तयार होतात.

प्रत्येक देणगीपत्रात एक वाक्य घालावं, ते साधारण असं : ‘पुढे कधी हा उद्देश पूर्ण करणं अशक्य, अव्यवहार्य किंवा निरुपयोगी झाल्याचं विश्वस्त मंडळाला दिसलं, तर मंडळाने ठराव करून ही रक्कम मूळ हेतूच्या जास्तीत जास्त जवळच्या कामासाठी वापरावी.’ देणगीदार समोर बसलेला असताना हे वाक्य पाच मिनिटांत मान्य होतं. तो गेल्यावर त्यासाठी वकील लागतो.

इंडियाना विल्यम्स यांचे शब्द आजही कॉलेजवर बंधनकारक आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉलेजने ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाबाबत बंधन घालणारं धोरण जाहीर केलं. प्राध्यापक आणि विद्यार्थिनींतून त्याला जोरदार विरोध झाला. त्या धोरणाच्या समर्थनार्थ मंडळाने दाखवलेला आधार होता मृत्युपत्रातले ‘मुली आणि तरुण स्त्रिया’ हे शब्द, आणि ते लिहिले गेले तेव्हाचा त्यांचा अर्थ.